फ्लाइट सिमसाठी दोन कॉम्प्युटर जोडावेत का? आणि जोडले तर एकमेकांना दिसत का नाहीत?

ढगातला_पांथस्थ
नमस्कार मंडळी. इथे फ्लाइट सिमवाले बरेच आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय म्हणून विचारतो. माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचं २०२० चं सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं फ्लाइट सिम्युलेटर, आहे. मशीन वरच्या मजल्यावर, आय फाइव्ह प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड मध्यम. एकट्या सिमला ते व्यवस्थित पुरतं. पण मी सोबत लिटल नॅव्हमॅप हा नकाशाचा प्रोग्राम उघडतो, ब्राउझरमध्ये विमानतळांचे चार्ट, सिमब्रीफवर बनवलेला उड्डाणाचा प्लॅन, व्हॅटसिमवर (ऑनलाइन हवाई वाहतूक नियंत्रणाचं नेटवर्क) असलो तर त्याचा क्लायंट, आणि मग मुंबईला रनवे २७ च्या फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याला, आलं की नेमकं तिथेच चित्र अडखळायला लागतं. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, ८ जीबीचा. विचार असा की सिमच्या मशीनवर फक्त सिम ठेवायचं आणि बाकीचा पसारा लॅपटॉपवर हलवायचा.

तर आजच्या काळात याने खरंच फरक पडतो का, की हे एफएसएक्सच्या (मायक्रोसॉफ्टचं जुनं सिम) जमान्यातलं शहाणपण आहे? आणि दुसरं, मी जोडून बघितलंय पण लॅपटॉपला सिम सापडतच नाही. सिमच्या मशीनवरून लॅपटॉपला पिंग (समोरचं मशीन सापडतं का ते बघायचा चाचणी संदेश) जातो, लॅपटॉपवरून सिमच्या मशीनला जात नाही. दोन्हीवर विंडोज १०. इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालतंय.

टर्मिनल_टू
दुसरा मॉनिटर घ्या, विषय संपवा.

भोसरीचा_वैमानिक
+१ टर्मिनल_टू. सेकंडहँड मॉनिटर स्वस्तात मिळतो. दोन मशीन म्हणजे दोन ठिकाणी विंडोज अपडेट, दोन ठिकाणी अँटीव्हायरस, दोन माऊस. उडायचं कधी मग?

उजळाईवाडी_टॉवर
मॉनिटर आणि मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की राव. मॉनिटर घेतला तरी प्रोग्राम त्याच प्रोसेसरवर चालणार. जागा वाढते, काम कमी होत नाही.

पांथस्थ भाऊ, सिम बाहेरच्या प्रोग्रामशी सिमकनेक्टमधून बोलतं, त्याची सिमकनेक्ट डॉट एक्सएमएल ही फाइल तुम्ही बदलली का? स्टोअरवरून घेतलेलं सिम असेल तर ती फाइल अ‍ॅपडेटा, लोकल, पॅकेजेस, त्यात मायक्रोसॉफ्ट डॉट फ्लाइटसिम्युलेटरने सुरू होणारं लांबलचक नावाचं फोल्डर, त्याच्या आत लोकलकॅशमध्ये असते. स्टीमवाल्यांची अ‍ॅपडेटा रोमिंगमध्ये. उघडून बघा, त्यात आयपीव्ही४ चा जो भाग आहे तिथे स्कोप 'लोकल' लिहिलेलं असतं. ते 'ग्लोबल' करायचं, अ‍ॅड्रेसमध्ये सिमच्या मशीनचा आयपी नाहीतर ०.०.०.० टाकायचा, पोर्ट ५०० असतो तो तसाच राहू दे. लोकल असेपर्यंत सिम बाहेरच्या कुणाला दारातच उभं करत नाही. आणि नोटपॅडमध्ये सेव्ह करताना डॉट एक्सएमएलच्या मागे डॉट टीएक्सटी चिकटतं, एक्स्टेंशन लपवलेलं असलं की दिसत पण नाही, तेवढं बघा.

लॅपटॉपच्या बाजूला सिमकनेक्ट डॉट सीएफजी लागते, त्यात सिमच्या मशीनचा आयपी आणि तोच पोर्ट. ती ज्या प्रोग्रामला जोडायचंय त्याच्या फोल्डरमध्ये किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवायची. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेलं असेल तर खरं फोल्डर कुठलं ते आधी तपासा.

एडिसनकर
लिटल नॅव्हमॅपसाठी यातलं काहीच करायची गरज नाही हो. त्याच्यासोबत लिटल नॅव्हकनेक्ट नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो, तो सिमच्या मशीनवर चालू ठेवायचा. तो सिमशी तिथल्या तिथे बोलतो आणि पुढची माहिती ५१९६८ पोर्टवर देतो. लॅपटॉपवरच्या नॅव्हमॅपमध्ये रिमोट कनेक्शन निवडून सिमच्या मशीनचा आयपी टाकला की झालं. दोन्ही फुकट आहेत. मी न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये सिम ठेवलंय आणि नकाशा टीव्हीला जोडलेल्या जुन्या मशीनवर, कित्येक वर्षं असंच चालू आहे.

एक गोष्ट लोक विसरतात, लॅपटॉपवर सिम नसल्यामुळे नॅव्हमॅपला विमानतळांचा डेटाबेस तिथे बनवता येत नाही. तो सिमच्या मशीनवर बनवायचा आणि एसक्यूलाइटच्या फाइली पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपच्या नॅव्हमॅपच्या डेटाबेस फोल्डरमध्ये टाकायच्या. नाहीतर तुम्ही विकत घेतलेला विमानतळ नकाशावर जुन्याच टॅक्सीवेसकट दिसत राहतो आणि ग्राउंडने सांगितलेला टॅक्सीवे शोधत बसता.

ढगातला_पांथस्थ
उजळाईवाडी, स्कोप ग्लोबल केलाय, ०.०.०.० टाकलंय, डॉट टीएक्सटी नाहीये. एडिसनकर, नॅव्हकनेक्ट पण करून बघितलं, त्याच्या खिडकीत "चालू आहे, वाट बघतोय" अशा अर्थाचं येतं, पण लॅपटॉपवरून जोडायला गेलं की बराच वेळ फिरत बसतं आणि मग टाइमआउट.

भोसरीचा_वैमानिक
फायरवॉल. ९० टक्के वेळा फायरवॉलच असते. सिमच्या मशीनवर नेटवर्क प्रोफाइल पब्लिक झालंय का बघा, ते प्रायव्हेट करा. पब्लिक असलं की विंडोज बाहेरून येणारं सगळं थोपवतं. आणि इनबाउंड रूल टाकून ५०० आणि ५१९६८ हे दोन टीसीपी पोर्ट फक्त प्रायव्हेटसाठी उघडा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

टर्मिनल_टू
हेच म्हणत होतो. एवढ्यात एक मॉनिटर आला असता.

जुना_डाकोटा
टर्मिनल_टू, मॉनिटरचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. सिमच्या आतली खिडकी, म्हणजे जीपीएस किंवा पीएफडी (वैमानिकासमोरचा मुख्य पडदा), बाहेर काढून दुसऱ्या मॉनिटरवर ठेवली तर ती सिमच रंगवतं, त्याचा भार त्याच कार्डावर पडतो आणि फ्रेम्स खाली येतात. नुसता नकाशाचा प्रोग्राम दुसऱ्या मॉनिटरवर ठेवला तर मात्र फारसं काही होत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "जमाना" हा शब्द आलाय आणि तो जमाना मी बघितलाय. एफएस ९८ या मायक्रोसॉफ्टच्या आणखी जुन्या सिमच्या वेळी अ‍ॅडम झोफ्रान यांचं एफएस सिक्स आयपीसी होतं, सिममधली माहिती बाहेरच्या प्रोग्रामला देणारं, त्यातून पुढे पीट डॉसन यांचं एफएसयूआयपीसी आलं आणि त्याच्या जोडीला वाइडएफएस. वाइडएफएसचं काम एकच, सिमच्या मशीनवरची माहिती दुसऱ्या मशीनला अशी पुरवायची की तिथल्या प्रोग्रामला सिम आपल्याच पोटात आहे असं वाटावं. आम्ही नागपूरला दोन मशीन जोडली ती कोअ‍ॅक्सिअल केबलने. मागे टी कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, एक जरी सैल झाला तरी अख्खं नेटवर्क आडवं. प्रोटोकॉल आयपीएक्स. दुसऱ्या मशीनवर फक्त गेज, म्हणजे विमानाची घड्याळं, चालायचे, पण समोरच्या पडद्यावर नुसती खिडकीबाहेरची धावपट्टी दिसली तेव्हा घरातली सगळी मंडळी बघायला आली होती.

त्या काळी हे करण्याला ठोस कारण होतं. प्रोसेसरला एकच कोअर. पुढे एफएसएक्स २००६ ला आलं तेही ३२ बिट, म्हणजे कितीही रॅम टाका, सिमला ४ जीबीच्या वर पत्ताच लावता येत नसे. भारी विमान, भारी विमानतळ आणि ढग एकत्र आले की उतरताना मेमरी संपून सिम बंद. तेव्हा जे जे म्हणून बाहेर काढता येईल ते दुसऱ्या मशीनवर न्यायचं, हवामान, ट्रॅफिक, नकाशा, सगळं. प्रीपार३डी हे दुसरं सिम २०१७ ला चौथ्या आवृत्तीत ६४ बिट झालं, मायक्रोसॉफ्टचं २०२० चं तर पहिल्यापासून ६४ बिट आहे. ते कारण संपलं.

उजळाईवाडी_टॉवर
काका, नाद खुळा. टर्मिनेटर आम्ही फक्त ऐकलाय.

मग आता कारण काय उरलं ते पण सांगा की.

भोसरीचा_वैमानिक
काही उरलं नाही, तेच तर म्हणतोय. डेव्हलपर मोड चालू करून फ्रेम्सची खिडकी उघडा. मुंबईवर "लिमिटेड बाय मेन थ्रेड" लिहून येईल. म्हणजे सिमचा तो एक मुख्य धागा एका कोअरवर दमलाय. नॅव्हमॅप दुसऱ्या कोअरवर चालतोय, तो काढून लॅपटॉपवर नेला तरी त्या दमलेल्या कोअरला कसला आराम? त्यापेक्षा एआय ट्रॅफिक (सिम स्वतः चालवतं ती इतर विमानं) कमी करा, टेरेनचं, म्हणजे जमिनीचं, लेव्हल ऑफ डिटेल खाली आणा, ग्लास कॉकपिटचा (विमानातले डिजिटल पडदे) रिफ्रेश रेट मध्यम करा. फरक लगेच दिसेल.

एडिसनकर
ट्रॅफिक आणि टेरेनबद्दल पूर्ण सहमत, आधी तेच करावं. पण "काही उरलं नाही" याच्याशी असहमत. माझ्याकडे एअर मॅनेजर आहे, त्यात सहा घड्याळांचं अख्खं पॅनल वेगळ्या पडद्यावर, वेगळ्या मशीनवर चालतं, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर सुद्धा चालतं. सिममधून खिडक्या बाहेर काढण्याऐवजी ते चित्र दुसरंच मशीन रंगवतं, म्हणजे काकांनी सांगितलेला कार्डावरचा भार वाचतो. घरात कॉकपिट बांधणाऱ्यांचं तर दुसऱ्या मशीनशिवाय पान हलत नाही. आणि पांथस्थ यांच्या मशीनवर ब्राउझर उघडा आहे. चार्टच्या पंधरा टॅब असलेला ब्राउझर रॅम पण खातो आणि कार्ड पण वापरतो. तो हलवला तर फरक पडेल.

प्रवासी_पक्षी
चार्टसाठी लॅपटॉप कशाला? नॅव्हिग्राफ या चार्टच्या सेवेचं सिमलिंक सिमच्या मशीनवर टाका, टॅबलेटवर चार्ट उघडा, विमान त्यावर सरकताना दिसतं. आयपी नाही, पोर्ट नाही. आणि नॅव्हमॅपमध्येही वेब सर्व्हर आहे, तो चालू केला तर फोनच्या ब्राउझरमध्ये नकाशा दिसतो. मी खऱ्या विमानातल्या वैमानिकासारखा टॅबलेट मांडीवर ठेवतो.

टर्मिनल_टू
नॅव्हिग्राफला दरमहा पैसे लागतात. माझा मॉनिटर एकदाच.

प्रवासी_पक्षी
तुमचा तो मॉनिटर एकदा बघायलाच हवा :)

ढगातला_पांथस्थ
प्रोफाइल पब्लिक होतं, प्रायव्हेट केलं, दोन्ही पोर्टचे रूल टाकले, मशीन रीस्टार्ट केलं. जैसे थे. सिमवरून लॅपटॉपला पिंग जातो, उलट नाही. आता काय करावं कळेना.

कृष्णाकाठ
एकाच दिशेने पिंग जातो आणि फायरवॉल उघडी आहे, हे लक्षण वेगळं आहे. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग द्या आणि आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे या दोन ओळी इथे टाका. घरात राउटर किती आहेत तेही सांगा.

ढगातला_पांथस्थ
ताई, सिमचं मशीन: १९२.१६८.०.१०५, गेटवे १९२.१६८.०.१. लॅपटॉप: १९२.१६८.१.३७, गेटवे १९२.१६८.१.१. राउटर दोन आहेत. फायबरवाल्यांचा डबा खाली हॉलमध्ये, त्याचं वायफाय वर येईपर्यंत मरतं म्हणून केबल टाकणाऱ्या मुलाने वर दुसरा राउटर लावून दिला होता. सिमचं मशीन वरच्या राउटरला केबलने जोडलंय. लॅपटॉपला खालच्याचं वायफाय पूर्वीपासून लक्षात आहे, तो त्यालाच धरतो.

कृष्णाकाठ
सापडलं. तुमच्या घरात एक नाही, दोन नेटवर्क आहेत. खालून वर आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या पोर्टमध्ये, खोचलेली असणार, बहुतेक निळ्या किंवा पिवळ्या रंगाचा वेगळा पोर्ट असतो तो. त्यामुळे वरचा राउटर खालच्या घराला "इंटरनेट" समजतो आणि स्वतःच्या मागे वेगळं १९२.१६८.० चं नेटवर्क तयार करतो. आतून बाहेर जाता येतं, म्हणून सिमचा पिंग लॅपटॉपपर्यंत पोचतो. बाहेरून आत यायला मात्र वाट नाही, लॅपटॉपला १९२.१६८.०.१०५ हा पत्ता कुठे आहे हेच माहीत नाही, तो आपल्या गेटवेला विचारतो आणि त्यालाही माहीत नसतं. सिमकनेक्टमध्ये लॅपटॉप हा बोलावणारा आणि सिम हे ऐकणारं, त्यामुळे नेमकी बंद असलेली दिशाच तुम्हाला हवी आहे. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कुणाला संशयही येत नाही. आपल्याकडे फायबर आल्यापासून घरोघरी हे दिसतं, प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोन दिसत नाही, सगळ्यांचं मूळ हेच.

आधी फक्त खात्रीसाठी लॅपटॉप वरच्या राउटरच्या वायफायला जोडा आणि नॅव्हकनेक्ट करून बघा. मग कायमचं कसं करायचं ते सांगते. आणि वरच्या राउटरचं गेस्ट वायफाय वापरू नका, त्यात उपकरणांना मुद्दाम एकमेकांपासून तोडलेलं असतं.

ढगातला_पांथस्थ
चाललं!!! नकाशावर विमान आलं. पार्किंगमध्ये उभं आहे, नाक बरोबर त्या दिशेला. ताई, शतशः आभार. मुलाला पण हाक मारून दाखवलं.

उजळाईवाडी_टॉवर
ताई लै भारी. आम्ही सगळे फायली उघडत बसलो आणि तुम्ही केबल बघितली.

भोसरीचा_वैमानिक
कृष्णाकाठ, सुंदर निदान. पांथस्थ, पोर्टचे रूल तसेच ठेवा, ते लागणारच आहेत.

कृष्णाकाठ
आता कायमचं. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१.२ करा (खालचा राउटर हा आयपी दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना ते बघून), मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणं) बंद करा, आणि शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. याच क्रमाने करा. डीएचसीपी आधी बंद केलं तर राउटरच्या पानावर परत जाताना धावपळ होते. यानंतर घरातली सगळी उपकरणं १९२.१६८.१ मध्ये येतील, लॅपटॉप खाली असो की वर. पोर्ट फॉरवर्डिंगनेही जमलं असतं, पण एका घरात दोन भिंती उभ्या करून मग त्यांना भोकं पाडायची कशाला.

मग खालच्या राउटरवर सिमच्या मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी आयपी राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की आयपी बदलतो आणि सगळं परत शोधावं लागतं.

जुना_डाकोटा
वीज जाण्यावरून आठवलं, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा दुसऱ्या मशीनचा एक फायदा कुणी सांगितला नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवे गेले की सिमचं मशीन यूपीएसवर येतं. पसारा लॅपटॉपवर असला तर यूपीएसवरचा भार तेवढा कमी, उतरून घ्यायला वेळ मिळतो. राउटर मात्र यूपीएसवर ठेवा.

एडिसनकर
वायफाय की केबल यावर कुणी बोललं नाही अजून. नकाशाला सेकंदाला अगदी थोडी माहिती लागते, वायफाय पुरतं. एअर मॅनेजरसारखी घड्याळं चालवायची असतील तर केबल टाकाच, वायफायवर काटा थांबून थांबून उडी मारतो आणि लँडिंगला ते सहन होत नाही. मशीन शेजारी-शेजारी असतील तर दोघांच्या मध्ये थेट केबल लावूनही चालतं, आताच्या गिगाबिट पोर्टला जुनी क्रॉसओव्हर केबल लागत नाही. दोघांना हाताने आयपी द्या आणि त्या जोडणीत गेटवेची जागा रिकामी ठेवा.

आणि दोन माऊसचा प्रश्न भोसरीकरांनी काढला होता. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये माऊस विदाउट बॉर्डर्स आहे, फुकट. एकाच माऊसचा बाण या पडद्यावरून सरळ त्या पडद्यावर जातो, कीबोर्ड पण.

भोसरीचा_वैमानिक
हे माहीत नव्हतं. आजच टाकतो. मग दुसऱ्या मशीनला माझा विरोध निम्मा कमी.

प्रवासी_पक्षी
एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवाल्यांचं काय? माझ्याकडे त्याची बारावी आवृत्ती आहे.

उजळाईवाडी_टॉवर
एक्स-प्लेनमध्ये नेटवर्क आतच आहे, पोर्ट ४९००० यूडीपी. पण डाव्या-उजव्या खिडकीचं चित्र दुसऱ्या मशीनवर काढायचं असेल तर तिथेही एक्स-प्लेनची तीच आवृत्ती लागते, लायसन्स वेगळं, आणि मशीन तेवढंच दणकट. नुसत्या नकाशाला मात्र जुना लॅपटॉप पुरतो, लिटल एक्सपीकनेक्ट प्लगइन टाकायचं आणि पुढे नॅव्हकनेक्ट तेच.

ढगातला_पांथस्थ
कळवायला आलोय. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड होता, केला. आयपी राखून ठेवला. ब्राउझर, नकाशा, सिमब्रीफ, सगळं लॅपटॉपवर. भोसरीकरांचं ऐकून ट्रॅफिक आणि टेरेन पण खाली आणलं. काल रात्री मुंबईला २७ वर उतरलो, धावपट्टीपर्यंत चित्र अडखळलं नाही. खरं सांगायचं तर फ्रेम्स वाढल्या त्या जास्त करून ट्रॅफिक कमी केल्याने, नकाशा हलवल्याने थोड्या, ब्राउझर हलवल्याने जाणवण्याइतक्या. पण लॅपटॉप ठेवणारच. सिमचा पडदा पूर्ण मोकळा राहतो, मध्ये कुठली खिडकी नाही, खिडकीबाहेर बघून उडता येतं.

जुना_डाकोटा
छान झालं. आता एक प्रस्ताव मांडतो, धाग्याला धरूनच आहे. ३० जानेवारी १९४९ ला आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा, म्हणजे डीसी-३ विमानं, निघायची, मध्यरात्री चारही नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. सोनेगाव विमानतळाचं ते वैभव आम्हा नागपूरकरांना अजून भूषण वाटतं. २०२० च्या सिममध्ये ४० व्या वर्धापनदिनाच्या अपडेटपासून डीसी-३ आहेच. चौघांनी चार शहरांतून निघायचं, सिमच्या पडद्यावर नकाशा नाही, जीपीएस नाही, फक्त होकायंत्र, घड्याळ आणि रेडिओ. दुसऱ्या मशीनवरचा नकाशा घरातल्या दुसऱ्या माणसाने बघायचा, फारच भरकटलं तर त्याने हाक द्यायची. दुसऱ्या मशीनचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

ढगातला_पांथस्थ
काका, मी मुंबईहून. नकाशावर मुलगा बसेल, त्याने आत्ताच होकार दिलाय.

एडिसनकर
मद्रास मी घेतो. तुमची मध्यरात्र म्हणजे माझी दुपार, शनिवार असेल तर जमेल.

उजळाईवाडी_टॉवर
दिल्ली माझी. सातपुड्यावर ढग ठेवायचे का स्वच्छ आकाश?

जुना_डाकोटा
त्या रात्रीचं खरं हवामान जे असेल ते. टपाल ढगांसाठी थांबत नसे.

टर्मिनल_टू
मी नागपूरला टॉवर सांभाळतो. मॉनिटर एकच आहे पण मोठा आहे.

कृष्णाकाठ
कलकत्ता मोकळं दिसतंय. मी सिम नुकतंच टाकलंय, डाकोटा कधी चालवलं नाही. काका, शनिवारच्या आधी एकदा शिकवाल का?

जुना_डाकोटा
जरूर. बुधवारी रात्री नऊला या, टेलव्हील (शेपटीखालचं चाक) जमिनीवर सरळ ठेवायचं तेवढं आधी जमवू, बाकी सोपं आहे.